देऱ्याच्या बाजारात भेटलेल्या आनाराबाई

विमानाच्या खिडकीतून दुबई पहिल्यांदा दिसली ती सपाट, पिवळसर आणि अर्धवट बांधलेली. नव्वदच्या दशकाचा मध्य होता. सोव्हिएत संघ मोडल्यावर स्वतंत्र झालेल्या किरगिझस्तानातले आठ सरकारी अधिकारी इथे दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला येणार होते. त्यांना बाजारपेठेचं अर्थशास्त्र शिकवायला पुण्याच्या एका कॉलेजातून मला बोलावलं होतं.

उतरलो मावसबहिणीकडे, अल मनखूलला. सुनंदाने सुरमई केली होती. "पंधरा दिरहमची, म्हणजे दीडशे रुपये," वाढता वाढता ती म्हणाली. तिच्या मुलीला शाळेबद्दल मराठीत विचारलं, तर "इट्स ओके, मामा" एवढंच उत्तर आलं.

वर्ग खाडीपलीकडे, देऱ्यातल्या एका हॉटेलात भरे. सकाळी अब्रातून (लाकडी होडीतून) पलीकडे जायचं. दुभाषे होते कुट्टी. मूळचे केरळचे, मॉस्कोत इंजिनिअर झालेले. आम्ही दोघं हिंदीत बोलत असू.

तिसऱ्या दिवशी झमीरा नावाच्या बाई उठल्या. वीस वर्षं त्या पावाचा सरकारी भाव ठरवणाऱ्या खात्यात होत्या.

"प्रोफेसर, भाव कोण ठरवतं?"

"कोणी एक नाही. बाजार ठरवतो."

"मग तो चुकला, तर तक्रार कोणाकडे करायची?"

कोणी हसलं नाही. मी फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या रेषा पुन्हा काढल्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना भाव टिपून घ्यायला बाजारात नेलं. एका दुकानासमोर एक धिप्पाड बाई कोटांच्या गाठोड्याला चिकटपट्टी गुंडाळत होत्या. झमीराबाई थबकल्या. "आनारा इल्यासोव्ना!"

त्या या अधिकाऱ्यांच्याच जुन्या नियोजन खात्याच्या प्रमुख होत्या, कुट्टींनी सांगितलं. खातं बंद झालं तेव्हापासून दर दोन महिन्यांनी इथे माल न्यायला येत. सुटातले आपले जुने सहकारी दिसताच त्यांनी तोंड फिरवलं आणि दुकानदाराला म्हणाल्या, "खलास, हबीबी, जल्दी!"

झमीराबाईंनी त्यांना मागून मिठी मारली, काहीतरी बोलल्या.

"काय म्हणाल्या?" मी कुट्टींना विचारलं.

"सर, ये ट्रान्सलेट करने का नहीं है."

पुढचे दोन दिवस झमीराबाई वर्गात आल्या नाहीत. त्या आठांतलेच एक, पथकाचे प्रमुख, कडक होते. हजेरीचा कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "गैरहजर लिहा. मंत्रालयात कळलं की त्यांची जागा जाईल, पण नियम तो नियम."

"शेवटच्या दिवशी सही करतो," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी झमीराबाई आल्या त्या आनाराबाईंना घेऊनच. बाकीचे सातही जण खुर्च्यांवरून उठून उभे राहिले. आनाराबाईंना हात कुठे ठेवावेत ते कळेना. बोटांना चिकटपट्टीचे तुकडे लागले होते. मी खडू त्यांच्या हाती दिला आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसलो.

त्या दीड तास बोलल्या. "पहिल्या खेपेला उन्हाळी कपडे नेले आणि आमच्याकडे लवकर बर्फ पडला. तक्रार कोणाकडे करणार? आईचं शिवणयंत्र विकलं आणि पुन्हा आले."

"भाव कसा ठरवता?" एकाने विचारलं.

"सकाळी जो मागते, त्या भावाला संध्याकाळपर्यंत कोणी माल घेतला नाही, तर तो भाव फक्त माझ्या मनातला होता."

सगळे लिहून घेत होते. मीही.

शेवटी प्रमुख हळूच म्हणाले, "नव्या खात्यात परत या, आनारा इल्यासोव्ना."

आनाराबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "चारला ट्रक येतोय. आठ गाठोडी खाली उतरवायचीत."

प्रमुखांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. दुपारच्या त्या उन्हात आठ अधिकारी, कुट्टी आणि मी दुकानाच्या जिन्यावरून गाठोडी उतरवत होतो. एका गाठोड्याचं एक टोक झमीराबाईंकडे, दुसरं माझ्याकडे. संध्याकाळी प्रमुखांनी हजेरीचा कागद परत घेतला आणि झमीराबाईंच्या नावापुढे दोन्ही दिवशी स्वतःच्या हाताने 'बाजार अभ्यास' लिहिलं.

परतीच्या विमानात अहवाल लिहायला घेतला. पाहुण्या व्याख्यात्यांच्या यादीत आनाराबाईंचं पूर्ण नाव लिहिलं आणि हुद्द्याच्या रकान्यापाशी अडलो. 'माजी प्रमुख' लिहिता आलं असतं. शेवटी 'व्यापारी' लिहिलं. हा शब्द मी पंचवीस वर्षं वर्गात वापरत आलो होतो. कुणाच्या नावापुढे आदराने लिहायची ही पहिलीच वेळ.