मामाच्या गाड्यातला लाल दिवा

माझ्या मामाचा विश्वास काट्यावर नव्हता, कानावर होता. डिझेल किती उरलंय हे बघायला तो टाकीवर पान्याने टकटक करायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि निकाल द्यायचा, "अर्धी आसा." आणि ती खरोखर अर्धी असायची. डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवण्यात त्याचं आयुष्य गेलं. तिथल्या एकाही ट्रकाचा काटा धड नव्हता म्हणे. "काटो खोटा सांगता, पत्रो नाय," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

खाणीवरचं काम सुटल्यावर मामा इब्रामपूरला घरी आला आणि हात स्वस्थ बसेनात म्हणून त्याने गाडा बांधला. इंजिन डिझेलच्या रिक्षाचं, सांगाडा भंगारातल्या जीपचा, मागे मोडीत निघालेल्या बसची दोन बाकं आणि टाकी जुन्या जनरेटरची. कागदपत्रांच्या नावाने आनंद, त्यामुळे मोठ्या रस्त्यावर जायचं नाही. गावातल्या नि बागायतीतल्या वाटांनी काजूचे बोंडू, नारळ आणि गुडघेदुखीने बेजार झालेली माझी मामी यांची ने-आण करायची. सुरुवातीला मामीने नाक मुरडलं. पण पुढे देवळात म्हणा, बहिणीकडे म्हणा, तिचं पाऊल गाड्याशिवाय अडायला लागलं. मामा अंगणातून ओरडायचा, "रथ काढू गो?" आणि मामी आतून म्हणायची, "काढा, पण सारथ्यान आधी तोंड धुवा!"

मग मामाचे कान गेले. खाणीवरच्या यंत्रांच्या धडधडाटात इतकी वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार! पण कबूल करेल तो मामा कसला? मामी हाका मारून दमायची आणि हा वर तिलाच सांगायचा, "तू तोंडातल्या तोंडात बोलतस." टकटक चालू, मान तिरकी चालू, फक्त निकाल चुकायला लागला. डिझेलचं इंजिन एकदा कोरडं पडलं की नुसतं डिझेल ओतून भागत नाही, नळीत शिरलेली हवा काढत बसावं लागतं. मामा वाटेत उकिडवा बसून हवा काढतोय, हे गावाला रोजचंच झालं.

एकदा मात्र गाडा ऐन चढणीवर बंद पडला, तोही मामीसकट. ब्रेक धरेपर्यंत हातभर मागे घसरला. मामी उतरली, त्या तसल्या गुडघ्यांनी चालत घरी आली आणि पाणीही न पिता तिने साखळी गावातल्या मुलाला फोन लावला. दिनेश, म्हणजे माझा मामेभाऊ, तिथे नोकरीला असतो. त्याने भंगारवाला कधीचाच बघून ठेवला होता. शेवटी मामीनेच अट घातली: पुन्हा वाटेत बंद पडला तर गाडा भंगारात. दुसऱ्या दिवशी मला मामाचा फोन आला, "बाय, येतस गो जरा?" इतका मऊ आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. गाडा गेला की मामा अंगणातल्या खुर्चीत बसून संपणार, हे मला दिसत होतं.

मी डिचोलीत इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या दुरुस्त करते. डिझेल कमी झालं की दिवा लावणारा एक छोटा सेन्सर घेऊन गेले. हा टाकीत लोंबत ठेवायचा; डिझेलात बुडलेला असला की गार राहतो, उघडा पडला की तापतो आणि दिवा पेटतो. हे सगळं मी मामाच्या कानाशी ओरडून सांगितलं. तो खूश. "पोट भरलेला तवसर थंड, रिकामा झाला की तापलो. ह्यो तर माझोच भाव!" मग टाकी उतरवली, वाडग्यात डिझेल घेऊन सेन्सर बुडवून बघितला, मग तो टाकीत बसवून टाकी रिकामीच परत चढवली, वायर ओढली, आणि दिवा काही पेटेना! मी घामाघूम. अर्ध्या तासाने ध्यानात आलं की मामाने टाकी टायरच्या रबरी तुकड्यांवर बसवली होती, तेव्हा तिला अर्थिंग मिळणार कुठून? वेगळी वायर सांगाड्याला जोडली तेव्हा कुठे दिवा लागला.

खरं भांडण दिव्याच्या जागेवरून झालं. मी म्हणत होते, स्टिअरिंगजवळ लावू. मामाने गाड्यात समोर लावलेल्या सातेरी देवीच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. "माझी नजर सदा थयच असता. तिच्या पायांकडे लाव." म्हटलं, बरोबर आहे बाबा, जिथे नजर तिथे दिवा. लावला.

शेजारच्या गावच्या जत्रेला आम्ही सगळे गाड्यातून निघालो. पुढे मामा आणि दिनेश, मागे मामी, मी आणि शेजारच्या दोघी बायका. मामाने सकाळी टाकी वाजवून "अर्धी" म्हणून सांगितलं होतं. तीच चढण लागली आणि देवीच्या पायाशी लाल दिवा उजळला. मामाने एक हात स्टिअरिंगवरून काढून कपाळाला लावला. शेजारणी हात जोडून पुटपुटायला लागल्या. आणि काय सांगू, वायर स्वतः ओढलेली मी, माझाही हात छातीशी गेला! देवापुढे लाल दिवा बघितला की आमचे हात डोक्याला विचारत नाहीत. तेवढ्यात मामी किंचाळली, "अवो, हात कसले जोडतास! डिझेल संपला!"

ते मात्र मामाला पहिल्या हाकेत ऐकू गेलं. टाकीत तळाशी उरलेल्या डिझेलवर गाडा चढण चढला, वर सपाटीला थांबला, बाकाखालचा कॅन निघाला. इंजिन बंदसुद्धा पडलं नाही. दिवा सावकाश विझला आणि मला आधी हसू फुटलं, मग डोळ्यांत पाणी आलं. दिनेशने कॅन टाकीत ओतला. मग कॅनचं झाकण लावत म्हणाला, "चला बाबा, उशीर होतोय." भंगारवाल्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर मामा माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसला. "बाय, माका आता ऐकाक येना नाय."

"मामीला सांगू?"

"तिका म्हायत आसा. म्हणान तर वराडता." एवढं बोलून तो असा हसला, जणू अंगावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतलंय. किती दिवस एकटाच घाबरत होता बिचारा!

त्यानंतर मामाने पुष्कळ दिवस गाडा चालवला. मधल्या काळात दिनेशने त्याला कानाचं यंत्रही आणून दिलं; ते मामी बोलायला लागली की तो खिशात घालायचा. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्याने मामीला देवळातून घरी आणलं, हात देऊन उतरवलं, गाडा मांडवाखाली लावला आणि जरा पडतो म्हणून आत गेला. तो उठलाच नाही. मी पोचले तेव्हा मामी ओसरीवर बसली होती. तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "रडा नको गो. त्येंच्या हातातून गाडो कोणी काढून घेतलो नाय. आपणच लावलो नि उतरले."