साहेबांच्या चेहऱ्याचा कारभार

"प्रोबेशनवर घ्या!" असं म्हणून साहेब कानामागे बोट टेकवून दाखवत. कुणी नवं सीरम आणलं, की पहिला थेंब कानामागे. तिथे चार दिवस आग झाली नाही, लाली आली नाही, तरच गालावर बढती.

साहेब म्हणजे दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत समोरच्या दारात राहणारे शेजारी. आता ते तिथे राहत नाहीत, आणि ते का, तेच तुम्हाला सांगायचं आहे. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, विधुर, साठी ओलांडलेले. अशा माणसाचा आणि सीरमचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. परदेशातली लेक सुट्टीला आली, बाबांचे गाल बघून हळहळली आणि एक बाटली ठेवून गेली, एवढंच निमित्त. साहेबांनी बाटलीवरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. उभा जन्म फायली वाचण्यात गेलेला माणूस, त्याला वाचायला नवं खातं मिळालं.

मग काय विचारता! लिफ्टमध्ये नमस्काराच्या आधी निदान व्हायला लागलं. "वहिनी, तुमची त्वचा मिश्र. कपाळ तेलकट, गाल कोरडे. एकाच घरात दोन पक्ष!" माझ्या लेकीच्या मुरुमांसाठी त्यांनी सॅलिसिलिक ॲसिडची नेमणूक केली. "तेलकट खात्याचा माणूस आहे, छिद्रात शिरून काम करतो. पण रोज बोलवायचं नाही, डोक्यावर बसेल." नवऱ्याचे गाल थंडीत उलायचे, त्याला ह्यालुरॉनिक ॲसिड. "ओल्या चेहऱ्यावर लावा आणि वर क्रीमचं झाकण घाला. दिल्लीची कोरडी हवा नाहीतर लावलेलं सगळं शोषून घेईल." व्हिटॅमिन सी सकाळच्या पाळीला, रेटिनॉल रात्रपाळीला. मृत त्वचा काढणारं ग्लायकॉलिक ॲसिड आणि रेटिनॉल मात्र एका रात्री एका टेबलावर बसवायचे नाहीत, दोघं भांडतात आणि मार चेहऱ्याला बसतो. सनस्क्रीनला रविवारचीही सुट्टी नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या बायकांनी त्यांना मुद्दाम बोलावलं. साहेब आले, खुर्चीत बसले आणि एकेकीचा गाल लांबूनच न्याहाळून निकाल देऊ लागले. कुंकू राहिलं बाजूला, रांग साहेबांपुढे! जाताना त्यांनाही वाण दिलं, आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. हसून हसून आमची पोटं दुखली.

पण संध्याकाळी त्यांच्या घरातून टीव्हीचा एकट्याचाच आवाज यायचा, तो मला सोसत नसे. माझी नणंद फरीदाबादला राहते. तिच्या ओळखीच्या एक बाई, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, त्याही एकट्याच. मी फोटो दाखवला. साहेबांनी भिंगाशिवाय बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "चेहरा प्रसन्न आहे." त्वचेविषयी चकार शब्द नाही! तेव्हाच मी ओळखलं की गाडी रुळावर आली.

नणंदेकडे रविवारी दुपारी भेट ठरली. साठीतले कांदेपोहे! त्या सकाळी साहेबांनी आमची बेल वाजवली. दार उघडलं तर समोर पिकलेला टोमॅटो.

"साहेब! हे काय?"

"काल जरा घाई केली," ते पुटपुटले. तेज यावं म्हणून आधी ग्लायकॉलिक, त्यावर रेटिनॉल, त्यावर व्हिटॅमिन सी. सगळ्या खात्यांची एकाच रात्री संयुक्त बैठक! सोसायटीला शहाणपण शिकवणारा माणूस स्वतःच्या वेळी सगळं विसरला होता. "भेट पुढे ढकला, यार," असं नवरा म्हणाला. साहेब मान हलवत म्हणाले, "त्यांना वाटेल, मला यायचंच नव्हतं."

प्रदूषण आमच्या मदतीला आलं. साहेब मास्क लावून फरीदाबादला गेले आणि घरात बसल्यावरही मास्क काढेनात. चहा निवला, पोहे निवले. बाई मोठ्या गमतीच्या. प्रयोगशाळेत मुलांनी केलेल्या करामतींच्या एकेक गोष्टी सांगत होत्या आणि आम्ही लोळत होतो. साहेब ताठ, भुवईसुद्धा हलेना. मी कोपराने ढोसलं, तरी नाही.

हळूहळू बाईंच्या गोष्टी आटल्या. त्यांनी पर्स उचलली. "अच्छा, निघते मी. साहेबांना कंटाळा आलेला दिसतोय. तसं स्पष्ट सांगितलं असतं तरी चाललं असतं." हसत म्हणाल्या, पण आवाज पडला होता.

साहेबांनी मास्क ओढून काढला. "अहो, नाही हो! हसलं की चेहरा ओढतो, आग होते. मघापासून मी आतल्या आत हसतोय!"

बाईंनी पर्स खाली ठेवली. साहेबांनी मग खाली मान घालून तिन्ही बाटल्यांची नावं सांगितली.

"सगळं एकाच रात्री? कशासाठी?"

"तुम्ही येणार होतात म्हणून."

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. होळीच्या आधी नोंदणी पद्धतीने लग्न झालं, साहेब फरीदाबादला राहायला गेले आणि आमच्या समोरचं दार बंद झालं. लिफ्टमध्ये आता कुणी माझ्या कपाळाकडे बघत नाही, आणि मला ते मुळीच आवडत नाही. पण त्या दुपारचं सांगायचं राहिलंच. बाईंनी थंडीत सगळ्यांच्याच पर्समध्ये असते तशी साध्या व्हॅसलिनची डबी काढली, खुर्ची पुढे ओढली आणि आमच्यादेखत साहेबांच्या गालावर अलगद बोट फिरवायला सुरुवात केली. पत्नी गेल्यापासून त्या चेहऱ्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. साहेबांचे मिटलेले डोळे भरून आले.

बाईंनी हात मागे घेतला. "झोंबतंय का?"

"झोंबतंय," साहेब डोळे न उघडता म्हणाले, "पण थांबू नका."