पन्नासावी टिकली

इथले भुताखेतांचे अनुभव मी रोज दुपारी डबा खाताना वाचतो आणि खरं सांगायचं तर हसतो. माझं जळगावला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. वीस वर्षं तारा गुंडाळतोय. तारेत करंट असतो किंवा नसतो, मधलं काही नसतं... असाच माझा स्वभाव. आमच्या गल्लीत कुणाला काही दिसलं म्हणजे मी आधी त्याचा चष्म्याचा नंबर विचारतो. आज मात्र मलाच लिहायची वेळ आली आहे. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

आमचा सहा-सात जणांचा एक ग्रुप आहे, नाव रिकामटेकडे मंडळ. रविवारी डोंगर तुडवायचे आणि पोटभर खायचं. चाललेल्या वाटांची नोंद ठेवायची आमची एक गमतीची पद्धत आहे. दुकानाच्या भिंतीवर मी हाताने काढलेला मोठा नकाशा लावलाय... लळिंग, पाटणादेवी, वरती सातपुडा. चालून झालेल्या प्रत्येक वाटेवर एक टिकली लावायची. पाकीट आमच्या मिसेसचं! हिरवी टिकली म्हणजे ‘वरण-बट्टी’, पोराबाळांनी करावी अशी सोपी वाट. लाल म्हणजे ‘शेवभाजी’, घाम काढणारी. काळी म्हणजे ‘ठेचा’, डोळ्यांतून पाणी. चालण्यापेक्षा खाणंच जास्त झालं तर ती ‘भरीत पार्टी’, तिला टिकली नाही. आणि चालणाऱ्याने स्वतःच्या हाताने टिकली लावायची, हा नियम.

हा सगळा खेळ नानांचा. नाना सावद्याचे, केळीचे बागायतदार, सत्तरीला टेकलेले. पण चढावर आम्हालाच मागे टाकायचे. त्यांच्या पिशवीत कायम केळीच्या सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, ओल्या पट्ट्या असत. वाट फुटली की फांदीला पट्टी बांधायचे. एक गाठ वरण-बट्टी, दोन शेवभाजी, तीन ठेचा. तीन गाठी दिसल्या की नवख्याने तिथूनच मागे फिरायचं. उजव्या हाताची दोन बोटं तरुणपणी विळ्याने गेलेली, म्हणून नाना डाव्या हाताने बांधायचे आणि त्यांची गाठ उलट्या पिळाची पडायची. आम्ही खूप चिडवायचो, पण तशी गाठ आमच्यापैकी एकालाही कधी जमली नाही.

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मी आणि नाना दोघंच चोपड्याच्या वर सातपुड्यात एका वाटेला गेलो. अर्धी वाट म्हणजे निव्वळ बागेत फिरल्यासारखी. पुढे एका मोठ्या सागाजवळ दोन फाटे फुटले. आम्हाला डावीकडे जायचं होतं, तिकडून वर पठार लागतं असं ऐकलं होतं. तिथेच नानांचा गुडघा धरला. बसले, पाणी प्यायले. मी म्हटलं, “नाना, पट्टी तर बांधा, निशाणी राहील.”

नाना म्हणाले, “पुढे काय हाये ते मले ठाऊक नाही, संजू. न चाललेल्या वाटीले गाठ कशी मारू?”

आम्ही परत फिरलो. उतरताना मी सहज बोलून गेलो, की एवढं आलोच आहोत तर टिकली लावून टाकू, कोण विचारतंय. नाना एकदम थांबले. “जितलं चाललो तितलंच आपलं. खोटी टिकली लावू नको. राह्यली ते दिवाळीनंतर करू.”

दिवाळीनंतर नाना दवाखान्यात होते आणि संक्रांतीच्या आधी गेले.

आता माझी चूक सांगतो. मंडळाच्या तेव्हा एकोणपन्नास वाटा झाल्या होत्या. नानांच्या तेराव्यानंतर सगळे दुकानात जमले. कुणीतरी म्हणालं, पन्नास पाहायला नाना राहिले नाहीत. मी टिकल्यांचं पाकीट काढलं आणि म्हणालो, “पन्नासावी नानांनीच केलीय, माझ्यासोबत.” आणि सातपुड्यातल्या त्या वाटेवर टिकली लावली. हिरवी! कारण जेवढी पाहिली होती तेवढी सोपी होती. सगळ्यांचे डोळे भरले. नकाशाचा फोटो ग्रुपवर गेला. त्या क्षणी मला ते खोटं वाटलंच नाही, नानांचा मान वाटला.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. माझी मुलगी मयुरी, वय एकोणीस, कॉलेजच्या दोन मैत्रिणींना घेऊन सकाळी डोंगरावर गेली. मला वाटलं पाटणादेवी. बाराच्या सुमाराला मिसेसचा फोन आला, “अहो, ती तुमच्या पन्नासाव्या वाटेला गेलीय. हिरवी आहे म्हणाली, म्हणून मी पण जा म्हटलं.”

माझ्या हातातली तार खाली पडली. मयुरीचा फोन लागेना. त्या डोंगरात रेंज नाहीच. मी गाडी काढली. चोपड्यापर्यंत मी कुठल्या देवाला हाक मारली नाही असं नाही, आणि मी देव मानत नाही. पायथ्याच्या पाड्यावर एक म्हातारा गुराखी भेटला. मी त्याला सागाजवळच्या डाव्या फाट्याचं विचारलं. तो कपाळावर हात मारून म्हणाला, “ती वाट कोठे राहिनी भाऊ? दोन साल व्हयनात, बठ्ठी खची गई. वर गवत शे, खाले नुसता कडा. आम्हनं ढोरबी तथा जात नही.”

अख्खी वाटच खचली होती! मी धावत सुटलो. पन्नाशीचा माणूस, दुकानातली चप्पल पायात. शंभर पावलं गेलो नसेन तोच समोरून हसण्याचा आवाज आला. तिघी खाली येत होत्या, धडधाकट. मी मयुरीला धरलं आणि भर वाटेत लहान पोरासारखा रडलो. मैत्रिणी बघतच राहिल्या.

“पप्पा, झालं काय? आम्ही उजवीकडून उतरलो. डावीकडे तीन गाठी होत्या ना!”

मला काही कळेना. ती सांगत होती... फोटोतली रेघ डावीकडे जात होती, मैत्रिणी म्हणत होत्या चल, हिरवी तर आहे. पण डाव्या फाट्यावर, छातीच्या उंचीला, फांदीवर पट्टी होती. तिने लहानपणी नानांच्या मांडीवर बसून त्या गाठी मोजलेल्या. ती म्हणाली, “नानाआजोबांची गाठ मी ओळखणार नाही का? तुम्ही दोघांनी तेव्हा बांधलेली अजून तशीच होती. तुमच्यासाठी आठवण म्हणून फांदीवरून अलगद सरकवून आणली.”

तिने पिशवीतून पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली.

सोपट. हिरवट पांढरं, अंगठ्याने दाबलं तर पाणी सुटावं असं ओलं. तीन गाठी, तिन्ही उलट्या पिळाच्या. ऑक्टोबरच्या उन्हात सोपटाची पट्टी दोन दिवसांत वाळून कडकडीत होते, आणि एका पावसाळ्यात कुजून जाते. हे सावद्याच्या पोरालाही ठाऊक आहे. आणि त्या सागाला आम्ही पट्टी बांधलीच नव्हती.

मयुरीने विचारलं, “पण पप्पा, तुम्ही गेलात तेव्हा पुढे कसं होतं?”

तिथेच, पाड्याच्या दगडावर बसून, मी तिला खरं सांगितलं. माझी पोर म्हणाली, “मी तुमच्या टिकलीवर विश्वास ठेवून गेले होते.” आजवर कुणी मला इतकं लागेल असं बोललेलं नाही.

नंतर मी सगळी चौकशी केली. मंडळातलं कुणी तिकडे गेलेलं नव्हतं. गुराख्याने वर माणूस पाहिला नव्हता. केळीच्या बागा सगळ्या खाली सपाटीला. मयुरीने स्वतः बांधली म्हणावं तर ती उलटी गाठ मी आठ दिवस तिच्याकडून बांधून घेतली, स्वतःही बांधून पाहिली, दोघांनाही जमली नाही. नानांच्या मुलाला दाखवली. त्याने गाठीवरून बोट फिरवलं, डोक्यावरची टोपी काढली आणि पट्टी परत दिली.

मंडळाला मी सगळं सांगितलं. एक-दोघं अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. हिरवी टिकली मी नखाने काढली. डिंकाचा गोल डाग राहिलाय. गिऱ्हाईक विचारतात, इथे काय होतं. मी सांगतो, ती वाट मी अर्धीच चाललोय.

एवढंच मनातून जात नाही, की न चाललेल्या वाटेला नाना गाठ मारत नव्हते... आणि इथे तीन होत्या. मोटार जळली तर का जळली ते मी उघडून सांगू शकतो, याचं मला काही सांगता येत नाही. पोरं म्हणतात, त्या डागावर काळी टिकली लावून टाका, पन्नास पूर्ण होतील. मी लावत नाही. जो वाट चालला त्यानेच लावायची, हा नियम नानांचा आहे.