ट्रकातली मोरी

तीस वर्षं मी आयटीआयमध्ये पोरांना नळकाम शिकवलं आणि त्या तीस वर्षांत माझ्या घरातला एक तरी नळ सतत गळत राहिला. हे वाक्य माझं नाही, माझ्या बायकोचं आहे. पाहुण्यांना चहा देता देता ती ते सहज सोडून द्यायची आणि मी हसायचो, कारण ते खरं होतं. दिवसभर दुसऱ्यांना पाइप जोडायला शिकवून आल्यावर घरात पान्हा हातात घ्यायला माणसाला नको वाटतं.

मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी ती बाथरूममध्ये घसरून पडली. दाराला आतून कडी होती. ती कडी मीच बसवली होती, पितळेची, चांगली जाड. घरातल्या ज्या दोन-तीन कामांचा मला अभिमान होता त्यातलं ते एक. मी त्या वेळी गच्चीवर पाण्याची टाकी धूत होतो. खालून काहीतरी आवाज आल्यासारखं वाटलं होतं, पण टाकीत डोकं घातलं की सगळेच आवाज घुमतात. मी काम पुरं करून सव्वा तासानं खाली आलो. शेजाऱ्यांकडून पहार आणून दार फोडावं लागलं, कारण कडी फारच उत्तम बसवलेली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, काठी आली, मग काठीही सुटली. पण त्यानंतर ती घराबाहेर कुठे गेली नाही.

कारण ती सगळ्यांना एकच सांगायची. "मला खाली बसता येत नाही, आणि सारखं जावं लागतं. लोकांच्या घरी कुठे कमोड असतो? रस्त्यावरच्या हॉटेलांचं तर नावच नको." मग लोक आग्रह करायचं सोडून देत. लग्नं चुकली, बारशी चुकली, त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. वाटत होतं ते एकाच गोष्टीचं. तिची थोरली बहीण आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या पुढे, डोंगराच्या कडेच्या गावात राहते. आई लवकर गेल्यामुळे या बहिणीनंच तिला वाढवलेलं. आता त्या अंथरुणाला खिळल्या आहेत. फोनवर दोघी रोज बोलायच्या, पण अलीकडे पलीकडून फक्त हुंकार यायचे आणि ही एकटीच बोलत राहायची. एकदा फोन ठेवून ती म्हणाली, "ताई गेल्यावर तुम्ही मला न्याल, तेव्हा कमोड नसला तरी चालेल." मला तोंडात मारल्यासारखं झालं.

म्हणून मी तो ट्रक घेतला. एका धर्मादाय संस्थेचा तो फिरता दवाखाना होता. संस्था बंद पडली आणि गाडी भंगाराच्या आवारात बाभळीखाली येऊन थांबली. ट्रक लहान, चाळिशी ओलांडलेला, मागे पत्र्याची खोली, तिला मागच्या बाजूनं दार आणि तीन पायऱ्या. आत एक बाकडं, एक कपाट, हात धुवायचं भांडं आणि बाकड्याखाली पाण्याची टाकी. इंजिन एका मेकॅनिकनं महिनाभरात बोलतं केलं. कागदपत्रांसाठी जे हेलपाटे घातले, त्यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती आठवली तरी माझं डोकं दुखतं. गाडी दारात आणून लावली तेव्हा बायको ओसरीत उभी होती.

"हा दवाखाना घरी कशाला? मी अजून जिवंत आहे," ती म्हणाली.

"यात तुझ्यासाठी कमोड बसवणार आहे. ताईंकडे जायचं."

ती वळून आत गेली. मला वाटलं, आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी आतलं लिनोलियम उचकटायला घेतलं. पहिल्याच ओढीला खालचं प्लायवूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं हातात आलं. दोन पावलं पुढे गेलो तर उजवा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. एक पाय दवाखान्यात आणि एक पाय नगरमधल्या आमच्या सावेडीच्या रस्त्यावर हवेत लोंबकळतोय, अशा अवस्थेत मी बराच वेळ उभा होतो. बायकोनं खिडकीतून पाहिलं, मोबाईलवर फोटो काढला आणि मगच बाहेर आली. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. हात धुवायच्या भांड्याखालचा सांधा वर्षानुवर्षं थेंब थेंब गळत होता. वरून सगळं कोरडं, आतून लाकूड कुजलेलं. फळ्यांच्या फटीत औषधाच्या बाटल्यांची रबरी बुचं सापडली, एक काचेचा थर्मामीटरही सापडला, न फुटलेला.

जमिनीचं काम माझ्या आवाक्यातलं नव्हतं. चौकशी करता करता घोडेगावच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या एका वेल्डिंगच्या शेडचं नाव निघालं. मालक पन्नाशीकडे झुकलेला, शनिशिंगणापूरचा. उसाच्या ट्रॉल्या बांधण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही, असं लोक म्हणाले. त्यानं ट्रकभोवती दोन चकरा मारल्या, खाली आडवा पडून चेसिस ठोकून पाहिली आणि उठून कपडे झटकले.

"सर, बॉडी करून दिऊ. तळ लई झ्याक हुईल. पर एक आधीच सांगतो, दाराचं आन् ग्रिलचं काम आपन घेत न्हाई. आन् शनवारी लोखंडाला हात लावत न्हाई."

शनिवारचं मी डायरीत लिहून घेतलं. दाराचं सोडून दिलं, कारण मागच्या बाजूला दवाखान्याचं जुनं दार होतंच आणि ते चांगलं होतं. तीस वर्षं वर्गात "नीट ऐका" म्हणणाऱ्या माणसानं अर्धंच ऐकलं.

मग दीड महिना मी रोज सकाळच्या एसटीनं तिथे जायचो. त्यानं जुना तळ पार काढला, गंजलेले आडवे लोखंडी दांडे कापून नवे चॅनल बसवले, दोन हात रेड ऑक्साइड मारला आणि वर पाण्याला दाद न देणारं जाड प्लायवूड टाकलं. कोपऱ्यात मोरीची जागा आखली. तिथे लाकूड नकोच म्हणाला, पाय घसरू नये म्हणून चौकडीचा पत्रा टाकला आणि कडा दोन बोटं वर वळवल्या. "पानी सांडलं तरी मोरीतच ऱ्हाईल," म्हणाला. मी त्याच्या हाताकडे पाहत बसायचो. माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरांना मी यापेक्षा कमी कामासाठी शाबासकी दिली होती.

पाइप मात्र मी कोणाला शिवू दिले नाहीत. बाकड्याखाली नवी टाकी, तिच्यावर बॅटरीवर चालणारा लहान पंप, मोरीत एक नळ, कमोड आणि मैल्यासाठी गाडीखाली पट्ट्यांनी आवळलेलं बंद पिंप, ते रिकामं करायला खालून व्हॉल्व्ह. घरात वापरतात तसे कडक प्लास्टिकचे पाइप मी चिकटवून बसवले. वीस किलोमीटर चाचणी घेतली आणि तीन सांधे तडकले. घर हलत नाही आणि ट्रक हलतो, ही गोष्ट आयटीआयच्या निदेशकाला कळायला वीस किलोमीटर लागले. सगळं काढून रबरी नळ्या आणि क्लिपा लावल्या.

पुढची फजिती उताराची. सांडपाण्याच्या पाइपला किती उतार द्यायचा हे मी झोपेतही सांगेन. पाणसळ लावून, एका डोळ्यानं पाहत, मी तो तंतोतंत दिला. वेल्डिंगवाला विडी ओढत शेजारी उभा होता.

"सर, ह्यो उतार कुठल्या रस्त्यावरचा?"

"म्हणजे?"

"गाडी चढाला हुभी केली तर येगळा, उताराला केली तर उलटा. तुमचं पानी कमोडात माघारी यील की."

मी पाणसळ पिशवीत घातली. शेवटी आम्ही पाइपची सगळी धाव मागच्या चाकांकडे नेली, सरळसोट, आणि त्यानं एक नियम घालून दिला. कुठेही थांबायचं तर गाडीचं तोंड चढाला ठेवायचं. माझ्या पुस्तकात हा नियम नाही, पण तो बरोबर आहे.

शेवटच्या शुक्रवारी काम पुरं झालं. बायकोला काम बघायला आणावं म्हणून मी रिक्षा करून दिली. नगरहून घोडेगाव म्हणजे तासाभराचा रस्ता, आणि दोन वर्षांत ती पहिल्यांदाच इतकी लांब आली. येताना तिनं सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं, हे मला मागून कळलं. तिला हात देऊन पायऱ्या चढवल्या. तळ पायाखाली जराही कुरकुरला नाही. खिडकी, बाकडं, नळ, सगळं दाखवलं. मोरीपाशी आलो आणि मी थांबलो. चौकट होती, आदल्या संध्याकाळी मी गेल्यावर बसवलेली, कोपरे घासून गुळगुळीत केलेली, पांढरा रंग मारलेली. दार नव्हतं. बिजागरीची जागा नव्हती. वर एक गज लावला होता, पडद्याच्या कड्या अडकवायला.

"दार कुठंय?" मी विचारलं.

"चौकट केली की," मागून वर आलेला वेल्डिंगवाला म्हणाला.

"अहो, संडास आहे तो. दार नको?"

"पडदा लावायचा, सर. आमच्या गावात दार नस्तंच. घराला न्हाई, तिथं ह्याला कुठनं? मी जल्मात दार केलं न्हाई. पयल्याच दिशी सांगितलं हुतं तुमाला."

सांगितलं होतं. शिंगणापुरात घरांना दारं नसतात हे मला काय, सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. आम्ही पाहुण्यांना ते दाखवायला नेतो. पण त्या गावचा माणूस ट्रकात मोरी बांधेल तेव्हा काय बांधेल, हा विचार मला शिवला नव्हता. माझा आवाज चढला. ज्या कामासाठी मी हा डोक्याला ताप करून घेतला तेच अर्धं राहिलं, नगरमधला दुसरा कोणी आणून दार आणि कडी बसवून घेतो, असं बरंच काही मी बोललो. तो चिडला नाही. चौकटीवरून हात फिरवत उभा राहिला.

"दार नको," बायको म्हणाली.

मला वाटलं, वाद मिटवायला म्हणतेय. "अगं, असं उघड्यावर कसं?"

"दार नको म्हणतेय ना मी." तिनं चौकट दोन्ही हातांनी धरली होती. "दार असलं की कडी लावावी लागते. लोकांच्या घरी लावावीच लागते. मला कडी लावता येत नाही आता. हात जातो आणि परत येतो."

वेल्डिंगवाला पायऱ्या उतरून शेडकडे निघून गेला. ती पुढे म्हणाली, "मी त्या दिवशी तुम्हाला हाका मारत होते. किती मारल्या ते मोजत होते. मग मोजायचं सोडलं."

आमच्या बाथरूमला दोन वर्षं कडी नाही. नवं दार बसवलं तेव्हा कडी लावायची राहिली होती आणि मी ती आज लावतो, उद्या लावतो करत राहिलो. गळक्या नळावरून आयुष्यभर टोमणे मारणाऱ्या या बाईनं कडीची आठवण मला एकदाही करून दिली नव्हती. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी कमोडवर विश्वास ठेवला, कारण कमोड मला बसवता येतो. त्या शेडमध्ये मला माझी लाज वाटली, आणि तसं मी तिला तिथेच सांगितलं. ती म्हणाली, "बरं. पडदा जाड घ्या, हिरवा."

रविवारी आम्ही निघालो. राहुरीच्या पुढे एक पेट्रोल पंप गेला, त्याच्यावर मोठ्या अक्षरात स्वच्छतागृह लिहिलेलं होतं. तिनं तिकडे पाहिलंही नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "थांबवा कुठेतरी." मी चढ शोधायला लागलो. सपाट मुलखात हवा तेव्हा चढ मिळत नाही. दोन-तीन किलोमीटरवर कालव्याच्या पुलाकडे चढणारा रस्ता लागला, तिथे कडेला घेऊन गाडीचं तोंड वर ठेवलं, चाकांना दगड लावले. ती मागून आत गेली. मी आत चढलो नाही, शेवटच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसलो. पडद्याच्या कड्या गजावरून सरकल्या.

"आहात ना?" आतून आवाज आला.

"आहे."

आतला पाण्याचा पंप घरघरला. एक उसाची ट्रॉली बाजूनं गेली, तिच्या आवाजात काहीच ऐकू येईना. मी उठून आत गेलो आणि पडद्याला लागून उभा राहिलो.

"आहात का?"

"इथेच आहे."

अकोल्याच्या पुढच्या त्या गावी पोचेपर्यंत आम्ही चार वेळा थांबलो आणि चारही वेळा तिनं दोन-दोनदा विचारलं. मी प्रत्येक हाकेला ओ दिली.