उरलेला इस्क्रू

बसलेली मोठी आई मी लहानपणी कधी पाहिलीच नाही. जेवायचीसुद्धा उभ्याने, एका हातात ताट आणि नजर छताच्या पंख्याकडे. "हा आवाज काऊन करून राह्यला?" असं ती पुटपुटली की मोठेबाबा आपलं ताट उचलून मुकाट्याने ओसरीत जायचे, कारण आता पंखा खाली येणार हे ठरलेलं. ती माझी मोठी काकू, मोठेबाबांची बायको. आमच्या आंजी गावात सगळे तिला मिस्त्रीण म्हणायचे. शिक्षण चौथी, आणि कमरेला किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेला पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर.

"खोलून तं पाहू," हे तिचं ठरलेलं वाक्य. माझ्या ताईच्या सोयरिकीसाठी हिंगणीला गेलो होतो, तर पोहे येईपर्यंत या बाईने त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ उतरवून उभ्याउभ्या खोललं! बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. "थांबलं होतं नं बिचारं," ती म्हणाली. सोयरीक जमली, आणि ते घड्याळ ताईच्या सासरी अजून चालतंय.

एकदा मात्र तिचा हात चुकला. फवारणीचा पंप तिने दुरुस्त केला आणि जोडताना एक वायसर, रबराची बारकी चकती, उरला. घाईत होती, डब्यात टाकून दिला. दुसऱ्या दिवशी तो पंप मोठेबाबांच्या पाठीवर गळला, औषध अंगात भिनलं आणि चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. वाचले, पण ती बदलली. "उरलं म्हणजे आत कुठंतरी कमी पडलं," असं म्हणायला लागली. काहीही खोललं की प्रत्येक तुकडा जागेवर गेल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

अशा बाईच्या हातात माझा लॅपटॉप गेला.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. लॅपटॉप जुना, दुसऱ्याचा वापरलेला, पण त्यात माझा अख्खा प्रोजेक्ट होता आणि त्याची दुसरी प्रत काढून ठेवायची अक्कल मला नव्हती. सोमवारी रिपोर्ट द्यायचा. आणि शनिवारी लॅपटॉप दर दहा मिनिटांनी तापून बंद पडायला लागला. का, तर भाव वाढेल म्हणून पुढच्या खोलीत खिडकीपर्यंत कापूस भरून ठेवला होता, आणि मी बयाबाई त्या कापसावर गादीसारखी लोळून, लॅपटॉप त्यातच टेकवून महिनाभर अभ्यास करत होते!

मी रडकुंडीला आले. मोठी आईने लॅपटॉप उलटा केला, जाळीला नाक लावलं आणि म्हणाली, "खोलून तं पाहू."

"मोठी आई, हा पंप नाही!"

"पंखा तं हाय नं आत? मंग?"

आधी तिने बॅटरी काढायला लावली. मग कणीक मळून पोळपाटावर जाड, चौकोनी पोळी लाटली, अगदी लॅपटॉपच्या मापाची. जो इस्क्रू जिथून निघेल तो कणकेत तिथेच खोचायचा, म्हणजे लांब-आखूड एकमेकांच्या जागी जायला नको. घड्याळाच्या बारक्या पेचकसाने ती एकेक काढत होती आणि मी मागे येरझाऱ्या घालत होते. "झालं का? किती वेळ?" तिने मान वर केली नाही. "तू फिरून राह्यली तं माहा हात हालते. बस तिकडं." मला बस म्हणणारी ती, हेच नवल!

पंख्यातून कापूस निघाला, दिव्याला वात होईल एवढा. ती तो मोठेबाबांना दाखवायला ओसरीत गेली. मला कुठला धीर! मी जागा करायला पोळपाट सरकवला, माझा हात कणकेत रुतला आणि एक इस्क्रू निखळून पडला. त्याची खाच मोडली होती; नेमका कुठला होता, कळेना. तिला सांगितलं असतं तर तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासलं असतं, आणि माझा सोमवार गेला असता. मी कणकेतला तो खड्डा बोटाने लिंपला आणि तो इस्क्रू एका कोपऱ्यात दुसऱ्याशेजारी खोचून दिला.

लॅपटॉप जोडला. सुरू झाला, तापला नाही! मी तिच्या गळ्यात पडले. तिचं लक्षच नव्हतं. ती कणकेकडे बघत होती.

"एक उरला."

"चालतंय ना गं, राहू दे."

"नाई. पुन्हा खोलतो."

मी तिच्या हातातून लॅपटॉप ओढूनच घेतला आणि दुपारच्या बसने वर्ध्याला निघून गेले. बस सुटेपर्यंत ती फाट्यावर उभी होती, इस्क्रू मुठीत धरून.

मी पास झाले, पुण्याला नोकरी लागली. फोनवर तिचा पहिला प्रश्न तोच: "गरम तं नाई होत? तो इस्क्रू कुठचा होता वं?" पुढे पुढे मी चिडायचे. मग तिने विचारणं बंद केलं आणि मला हायसं वाटलं. मूर्ख मी! त्या दिवाळीला गेले तर मोठी आई ओसरीत खाटेवर बसलेली. नुसती बसलेली. मिक्सर वर्ध्याच्या दुकानात दुरुस्तीला गेला होता. निघताना तिने कमरेचा पेचकस सोडून माझ्या हातात दिला. "घेऊन जाय. माह्या हाताचा आता भरवसा नाई. एकडाव पंपात चुकली, एकडाव तुह्यात."

तेव्हा सांगायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण बसची वेळ झाली होती, ताई हाका मारत होती, आणि पुढच्या खेपेला सांगू म्हणून मी निघाले. पुढच्या खेपेला मी गेले ती तिच्या तेराव्याला.

पाहुणे पांगल्यावर मोठेबाबांजवळ बसले. डोक्यावर पंखा खडखडत होता आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. मला राहवलं नाही. पोळपाट, लिंपलेली कणीक, सगळं सांगून टाकलं. ती चुकली नव्हती, मी चुकवलं होतं, म्हणाले.

मोठेबाबांनी उठून पंखा बंद केला.

"मंग हे तिले काऊन नाई सांगितलं, पोरी?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.