एकाच काचेवर दोघे

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, गाठींचे तुकडे तपासायच्या लॅबमध्ये तिला सगळे वस्तरा म्हणत. मेणात बसवलेल्या तुकड्याचे केसाहून पातळ काप काढण्यात बावीस वर्षांत तिचा हात धरणारं कुणी भेटलं नव्हतं, आणि जिभेला धार तर जन्मजातच. एरवी बाई सरळ. फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या सर्जनसाहेबांचा विषय निघाला की तिच्या कपाळाची शीर उठायची.

नऊ वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ, वय अडतीस, शौचातून रक्त जातं म्हणून त्यांच्याकडे गेला होता. साहेबांनी पोटाला हातही न लावता मूळव्याध ठरवली, मलम लिहून दिलं, दोन महिन्यांनी या म्हणाले. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. असे आठ महिने गेले. आतडं उघडलं तोवर कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचला होता. भाऊ गेला, मागे दहा वर्षांची पोर ठेवून. "ह्या माणसाला भोगायला लावीन," असं वस्तरा तेव्हा वहिनीसमोर म्हणाली होती, आणि ती विसरणाऱ्यातली नव्हती.

आणि एका सोमवारी तिच्या टेबलावर तपासणीचा कागद आला, पेशंटच्या जागी साहेबांचंच नाव! मोठ्या आतड्याचा कॅन्सर. आता गाठीतली चार प्रोटीनं बघायची होती. प्रोटीन असलं की काचेवर पेशी तपकिरी होतात. गाठीतून ते गायब असलं तर उपचार बदलतात, शिवाय रोग घराण्यात उतरतोय की काय अशी शंका येते.

"आलास का बाबा!" वस्तरा म्हणाली, आणि साहेबांच्या गाठीचा तुकडा तिने खणात ढकलून दिला.

मंगळवारी साहेब स्वतः खिडकीशी आले. "झालं का?"

"मशीन बिघडलंय. उद्या बघू."

बुधवारी पुन्हा आले. तोंड उतरलेलं, शर्टाचं एक बटण भलत्याच काजात. "अजून नाही," ती म्हणाली आणि पाठ फिरवली. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

गुरुवारी लॅबच्या डॉक्टर मॅडमनी साहेबांच्या काचा मागितल्या, तेव्हा तिला काप काढावेच लागले. अशा प्रत्येक काचेच्या टोकाला दुसरा एक नमुना लावतात, रंग हमखास चढेल असा, म्हणजे काम नीट झालं की नाही ते कळतं. त्यासाठी टॉन्सिलच्या तुकड्यांचा डबा ठेवलेला असे. वस्तरा मात्र जुन्या पेशंटांचे तुकडे जपून ठेवलेल्या कपाटाकडे गेली आणि तिने भावाच्या गाठीचा तुकडा काढला. ह्या प्रोटीनांसाठी कधी न तपासलेली गाठ नमुना म्हणून लावायची नसते, हे तिनेच दहा जणांना शिकवलं होतं. पण राग डोक्यात गेला की शिकलेलं कुठं राहतं? चारही काचांवर तिने साहेबांशेजारी भावाला बसवलं. "बस आता त्याच्या शेजारी," ती साहेबांच्या तुकड्याला म्हणाली.

शुक्रवारी मॅडमनी मायक्रोस्कोपातून बघितलं. "साहेबांची चारही प्रोटीनं जागेवर आहेत. मुलांची काळजी मिटली त्यांची. पण हा नमुना कसला लावलास? आजूबाजूच्या चांगल्या पेशी तपकिरी आणि गाठ कोरीच. दोन प्रोटीनं नाहीतच हिच्यात. कुणाची आहे? वय?"

"अडतीस होतं."

"मग घराण्यातलं असण्याची दाट शक्यता. मुलंबाळं, भावंडं, सगळ्यांच्या तपासण्या करायला हव्यात."

भाऊ गेला तेव्हा ही तपासणी इथं होतच नव्हती. वस्तराने स्टूल ओढलं आणि बसली. ज्याने मारलं त्याची पोरं सुखरूप, आणि आपली पोर? तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तिने रिपोर्ट उचलला, नऊ वर्षं जपलेला भावाचा केसपेपर लॉकरमधून काढला आणि तिसरा मजला गाठला. साहेबांच्या शेजारी त्यांची बायको बसली होती. रिपोर्ट वाचून साहेबांनी श्वास सोडला. "मशीन दुरुस्त झालं म्हणायचं."

"मशीनला काही झालं नव्हतं. मी अडवलं होतं."

"का?"

तिने केसपेपर समोर ठेवला. "वाचा. मोठ्याने वाचा."

"मूळव्याध. मलम. दोन महिन्यांनी..." अक्षर त्यांचंच होतं. त्यांनी नाव पुन्हा पुन्हा बघितलं. "मला खरंच आठवत नाही हो."

वस्तराला थोबाडीत बसल्यासारखं झालं. नऊ वर्षं तिने ह्या माणसाला शिव्याशाप दिले, आणि त्याला भाऊ आठवतसुद्धा नव्हता! साहेबांची बायको नवऱ्याकडे बघतच राहिली.

"माझी तक्रार करा, नोकरी गेली तर गेली. पण आधी चिठ्ठी लिहा. आज कळलं, त्याच्या गाठीत दोन प्रोटीनं नाहीतच. त्याची मुलगी एकोणीस वर्षांची आहे. दुर्बिणीची तपासणी, उद्या सकाळी. आणि तुम्ही स्वतः बघायचं."

"माझ्यावर विश्वास आहे?"

"तुमच्यावर नाही, तुमच्या भीतीवर आहे. आज जितकं नीट बघाल तितकं तुम्ही जन्मात बघितलं नसेल."

साहेबांनी मान खाली घालून चिठ्ठी लिहिली. मग दुसरा कागद ओढला.

"त्याची बहीण म्हणजे तुम्हीच ना? तुमचं वय?"

ती त्यांना घाबरलेलं बघायला आली होती. आता ते तिच्याकडे बघत होते, आणि दुसरी चिठ्ठी तिच्या नावाची होती. तिने खुर्ची ओढली, पेशंटसारखी समोर बसली आणि वय सांगितलं.