यंदा काय बदललं?

आयकराबद्दल माझा अनुभव एवढाच आहे, की ज्या वर्षी मला त्यातलं थोडं कळायला लागतं, त्याच वर्षी ते बदलतात. फायनान्शियल इयर वेगळं आणि असेसमेंट इयर वेगळं, हे डोक्यात शिरायला मला दहा वर्षं लागली. दर जुलैत मी चुकीचं वर्ष लिहायची आणि ऑफिसातल्या अकाउंट्सच्या बाई माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघायच्या. शेवटी एकदाचं शिरलं. आणि आता म्हणे नवा कायदा येतोय, एप्रिलपासून. त्यात ही दोन्ही वर्षं काढून टाकली, एकच ‘टॅक्स इयर’ ठेवलं. अरे, मग आधीच ठेवायचं होतं ना! माझी दहा वर्षं आता कोण परत देणार?

पण माझं खरं दुखणं ते नव्हतं. खरं दुखणं आमच्या घरातच, पुढच्या खोलीत, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेलं असायचं.

माझे सासरे विम्याचे एजंट. माझं माहेर नागपूरचं, तिकडच्या सवयीनं मी त्यांना मामाजी म्हणते. वय ऐंशीच्या घरात, पण बजेटचा दिवस असला की सकाळी नऊलाच दाढी, अंघोळ, इस्त्रीचा शर्ट. टीव्हीसमोर वही-पेन घेऊन बसायचं आणि घरात कुकरची शिटीसुद्धा वाजू द्यायची नाही. मी लग्न होऊन रायपूरला आले तेव्हा पहिल्याच वर्षी मधेच मिक्सर लावला होता. त्यावरून दोन दिवस बोलणं बंद होतं. मिक्सरसाठी!

मग मार्च. मार्चमध्ये आमच्या व्हरांड्यात चपला मावायच्या नाहीत. बीरगांवच्या कारखान्यातले फिटर, सदर बाजारातल्या पेढ्यांवरचे मुनीम, शाळामास्तर, कोण कोण यायचं. मामाजींची कामाची एक पद्धत होती आणि ती मोडलेली मी कधी पाहिली नाही. विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. आलेल्यानं बसायचं, पाणी प्यायचं आणि म्हणायचं, ‘‘भैया, इस साल क्या बदला?’’ मराठी असेल तर, ‘‘यंदा काय बदललं?’’ मगच मामाजी जुन्या कॅलेंडरचं पान काढणार, त्याचे चार तुकडे करणार, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर त्या माणसापुरती चिठ्ठी लिहिणार. तुमचा पगार इतका, तुमच्यासाठी यंदा हे बदललं, तुम्ही हे करा. दोन-तीन ओळी. ज्याला पॉलिसीची गरज नाही त्याला ‘गरज नाही’ असंही लिहून द्यायचे. धंद्यात हा माणूस कधी वर आला नाही, त्याचं कारण ते.

आलेल्यांची नावं एका लांब वहीत. कोणी यायचं थांबलं, की मामाजी फूटपट्टी ठेवून त्या नावावर सरळ रेघ मारायचे. कुणी वारलं, कुणी गाव सोडलं, कुणी मुलाच्या सांगण्यावरून मोबाईलवरच पॉलिसी घेतली. रेघ सगळ्यांना सारखीच.

मग ती नवीन करपद्धत आली. तिच्यात विमा काढा नाहीतर नका काढू, सूट नाहीच. आणि टॅक्सच इतका कमी, की सूट हवी कुणाला? दर बजेटला ती आणखी गोड होत गेली आणि दर मार्चला आमच्या व्हरांड्यातल्या चपला कमी होत गेल्या. मागच्या मार्चला दोनच माणसं आली, तीही पत्ता विचारायला. वहीत पानंच्या पानं रेघा. शेवटी बिनरेघेचं एकच नाव उरलं, ते माझं.

कारण मी अजून जुन्याच पद्धतीत होते! माझी पॉलिसी मामाजींनी काढलेली, ती दाखवून सूट घ्यायची, आणि सूट घेऊनही भरमसाट टॅक्स भरायचा. शंकर नगरच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांनी कधीच नवीन पद्धत घेतली होती. जेवणाच्या सुट्टीत माझ्यावर हसायचे. मी म्हणायची, ‘‘ससुरजी एजेंट हैं, क्या करूँ?’’ आणि डबा असा काही बंद करायची की आवाज व्हावा.

मला ही पद्धत सोडू न देणारे कोण, तर माझे यजमान. पहिल्या वर्षी मी विचारलं तर मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाले, ‘‘नको ना. बाबांले काय वाटंन? वहीत तुझंच नाव राहिलं आता.’’

‘‘आणि तुम्ही? तुमच्या दुकानाचं काय?’’

‘‘ते वकील पाहते. त्यानं नवीनच टाकलं. त्यात मी काय करू?’’

ऐका! पोटचा मुलगा गुपचूप पसार, आणि परक्या घरून आलेली मी सासऱ्यांचा मान राखत महिन्याच्या महिन्याला पगार कापून घेतेय. तीन वर्षं. बरं, कुणी माझे पाय धुतले का त्याबद्दल? मामाजी तर एक अक्षर बोलत नव्हते. मीही त्यांना काही विचारत नव्हते. मनातल्या मनात मात्र रोज भांडत होते.

यंदा फेब्रुवारीत मामाजींनी पेपरात वाचलं, की नव्या कायद्यात कलमांचे नंबरही बदलणार. ज्या एटी-सीच्या, म्हणजे विम्यावर सूट देणाऱ्या कलमाच्या, नावावर त्यांनी वीस वर्षं मार्च काढला, तिचा नंबर आता एकशे तेवीस. शेजारचं कोणी गेल्यासारखं तोंड करून मला म्हणाले, ‘‘एटी-सी गेली, सूनबाई.’’

मी भाजी चिरत होते. म्हटलं, ‘‘गेली तर जाऊ द्या.’’

ते पेपर घडी करून आत गेले. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला.

मार्चमध्ये ऑफिसचा कागद आला. जुनी की नवीन, शुक्रवारपर्यंत लिहून द्या. गुरुवारी संध्याकाळी मी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. कॉलेजातून आलेल्या आमच्या पोरीनं उचलला, मोबाईलवर काहीतरी आकडे घातले आणि म्हणाली, ‘‘मम्मी, नई वाली में तो आपका ज़ीरो आ रहा है.’’

‘‘शून्य?’’

‘‘हाँ, ज़ीरो. और पुरानी में देखो कितना कट रहा है. आप पागल हो क्या?’’

पोरीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच देते, आणि असलं काही बोलायचं असलं की जास्तच खणखणीत. मी तो कटणारा आकडा पाहिला. तिच्या कोचिंगची फी कमी पडली म्हणून मी बांगड्या मोडायचा विचार केला होता, ते आठवलं. मग मात्र माझी तार सटकली. यजमानांना म्हटलं, ‘‘उद्या मी नवीन लिहून देणार. कोणाला काय वाटायचं ते वाटो.’’

‘‘हळू बोल, बाबा ऐकतील!’’

‘‘ऐकू दे! ऐकवायलाच बोलून राहिली मी!’’

इतक्या वर्षांत माझ्या तोंडून नागपूरचं ‘बोलून राहिली’ रागातच निघतं. तशीच तरातरा पुढच्या खोलीत गेले. मामाजी खुर्चीत बसले होते, टीव्ही बंद. भांडायचं ठरवून गेले होते, पण सुरुवात कुठून करावी ते सुचेना. आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

‘‘मामाजी, यंदा काय बदललं?’’

मामाजींनी समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. मग म्हणाले, ‘‘बस. पाणी पी.’’

मी बसले. पाणी प्यायले. माझ्याच घरात, माझ्याच हातानं सकाळी भरून ठेवलेलं. ते उठले, खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट बनियनवर चढवला, वरपर्यंत बटणं लावली. कपाटातून वही काढली. मला वाटलं, आता कॅलेंडरचं पान फाडतील. पण वहीत चिठ्ठी तयार होती. माझं नाव वर, खाली त्यांचं ते नीट, तिरकं अक्षर:

‘नवीन पद्धत घ्यावी. टॅक्स शून्य. पॉलिसी मात्र बंद करू नये, थोडे हप्ते राहिले, नुकसान होईल.’

मी चिठ्ठी उचलली तर खाली आणखी एक. मागच्या वर्षीची. ‘नवीन पद्धत घ्यावी.’ तिच्याखाली त्याच्या आदल्या वर्षीची, आणि तिच्याखाली त्याच्याही आदल्या वर्षीची. तीच ओळ.

माझ्या अंगाची आग आग झाली. ‘‘तुम्हाला माहीत होतं? तीन वर्षं? मग काहून नाही सांगितलं?’’

‘‘तू विचारलंच नाही.’’

‘‘अहो, मी काय बीरगांवहून येणार होते का विचारायला? एका घरात राहतो आपण! तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसले!’’

‘‘हव,’’ मामाजी म्हणाले. ‘‘ते माहीत होतं मले.’’

 त्यांनी शर्टाच्या बाहीचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

‘‘तू माझ्यासाठी करून राहिली, हे समजे मले. पहिल्या साली चिठ्ठी लिहिली तं मनात आलं, आपणच जाऊन देऊन द्यावी. नाही दिली. एक नाव राहिलं होतं वहीत. बरं वाटे.’’ मग म्हणाले, ‘‘नुकसान केलं तुझं. चूक झाली माझी.’’

या माणसाच्या तोंडून ‘चूक झाली’ मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मिक्सरच्या वेळीही मीच माफी मागितली होती. मला खूप राग आला होता, खोटं कशाला बोलू. तीन वर्षांचा कापलेला पगार डोळ्यांसमोर होता. आणि त्याच वेळी रडू येत होतं. दोन्ही एकदम आलं की माणसानं काय करायचं? मी चिठ्ठी घेतली आणि म्हटलं, ‘‘जेवायला चला. वरण गार होतंय.’’

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ‘नवीन’वर खूण केली. अकाउंट्सच्या बाई म्हणाल्या, ‘‘अरे वा! ससुरजी मान गए?’’

‘‘उन्होंने ही लिख के दिया,’’ मी म्हटलं, आणि चिठ्ठी पर्समधून काढून दाखवली. त्यांनी उलटीपालटी करून पाहिली. मागच्या बाजूला जुन्या कॅलेंडरातले तीन-चार वार होते.

घरी आले तर मामाजी व्हरांड्यातच. चप्पल काढायच्या आधी विचारलं, ‘‘भरला कागद?’’

‘‘भरला.’’

ते आत गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी वही उघडली, माझ्या नावाखाली फूटपट्टी ठेवली, मग थोडी वर सरकवून नावावर आणली.  डाव्या हातानं पट्टी दाबून धरली आणि सरळ रेघ मारली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग वही मिटली, शर्ट काढला आणि घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. खुंटीवर टांगला नाही.

माझ्यानं राहवेना. म्हटलं, ‘‘मामाजी, रेघ कशाला मारली? पुढल्या मार्चात मी पुन्हा विचारायला येणार आहे.’’

‘‘ये ना,’’ ते म्हणाले. ‘‘पण वहीचं पान भरलं आता.’’

मी भिंतीवरचं चालू वर्षाचं कॅलेंडर काढलं, गेलेल्या फेब्रुवारीचं पान फाडलं, त्याचे चार तुकडे केले आणि त्यांच्या वहीत ठेवून दिले.